शुक्रवारी सुट्टी घेणारी लाट

“या पृथ्वीवर फिक्री मन्सूरच्या नजरेतून काहीही निसटू शकत नाही,” फिक्री बे म्हणाले. “गुन्हेगार माझं नाव ऐकूनच अर्धा गुन्हा कबूल करतो. उरलेला अर्धा मी कबूल करून घेतो.”

हे ते आमच्या अवकाश प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून सांगत होते. त्यांना आत येता येत नव्हतं. ओळखपत्राशिवाय कोणालाही सोडू नये, असा हुकूम सुरक्षा अधिकारी या नात्याने त्यांनीच काढला होता, आणि सगळ्यांची ओळखपत्रं करता करता स्वतःचं करायचं राहून गेलं होतं. शेवटी मी त्यांचं नाव ‘पाहुणे’ या सदरात लिहिलं, तेव्हा पहारेकऱ्याने फाटक उघडलं. मी तिथला नोंदणी कारकून नशअत. माझ्या खोलीत चालणारा पंखा होता, एवढ्या एका पात्रतेवर बेंनी – ‘बे’ म्हणजे आमच्याकडचं ‘राव’ – मला आपला सहायक नेमलं होतं.

प्रकरण असं होतं. दर उन्हाळ्यात आमच्याकडे सहा विद्यार्थी दोन महिन्यांच्या संशोधन प्रशिक्षणाला येतात. कैरोहून दीड तास वाळवंटात यायचं, म्हणजे तळमळच हवी. त्या वर्षीच्या सहांपैकी पाच जण कोणाचे ना कोणाचे भाचे होते. त्यांचं संशोधन दुर्बिणीसमोर उभं राहून फोटो काढण्यापर्यंत पोचलं होतं. सहावी रुकय्या. ती दूर दक्षिणेतल्या सोहागची, आणि कोणाचीच कोणी नव्हती, त्यामुळे काम तिच्याकडे होतं.

काम चुंबकमापकाचं. आवाराच्या मागे शिरीषाच्या एकुलत्या एका झाडाखाली एक लाकडी खोपटं आहे. जवळ लोखंड आलं की यंत्र बहकतं, म्हणून त्यात खिळासुद्धा लोखंडाचा नाही. रुकय्या सकाळी सात वाजता, कचेरी उघडण्याआधी, केसांतल्या पिना काढून तिथे जायची, यंत्र तपासायची आणि मग दिवसभर मुख्य इमारतीत पडद्यावरची रेघ बघत बसायची. त्या रेघेत तिला गंमत दिसली. नऊला रेघ खाली जायची, साडेअकराला उसळून वर यायची, दोनला पूर्ववत. रोज.

तिने प्रामाणिकपणे संचालकांना दाखवलं. ही तिची पहिली चूक. संचालक डॉक्टर लुत्फी यांनी तीन दिवसांत ‘सूर्यामागे धावणारी चुंबकीय लाट’ असा निबंध परदेशी परिषदेला धाडला. त्यावर नाव एकच होतं आणि ते रुकय्याचं नव्हतं. परिषदेच्या एका जर्मन परीक्षकाने फार सभ्यपणे विचारलं, ‘आपल्याकडचा सूर्य शुक्रवारी आणि शनिवारी विश्रांती घेतो का?’

त्या पत्रानंतर रुकय्याचं नाव निबंधात आलं. ‘प्रशिक्षणार्थीचा हलगर्जीपणा’ या मथळ्याखाली. गुरुवारी प्रमाणपत्रं वाटायची होती. त्याआधी दोषी सापडला नाही, तर तिला प्रमाणपत्र नाही. आणि तो कागद नाही, तर पुढच्या शिक्षणाची जागा नाही. वडिलांनी कैरोत राहू दिलं होतं ते त्या कागदाच्या भरवशावर.

रविवारी तपास बेंकडे आला.

“तू पिना काढतेस हे सिद्ध कर,” बे रुकय्याला म्हणाले.

“कसं करू?”

“पिना दाखव.”

तिने दाखवल्या. बेंनी त्या पुरावा म्हणून जप्त केल्या आणि पहिला सिद्धांत बंद केला.

सोमवारी दुसरा निघाला. शेजारच्या देशाचा हेर. पण हेर आपली शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुट्टी का घेईल, असं मी विचारलं. बे म्हणाले, “सरकारी हेर असेल.” हे मला नाकारता येईना.

सोमवार आणि मंगळवार त्यांनी खोपट्यावर पाळत ठेवली. उन्हात नाही. संचालकांची जुनी काळी गाडी सावलीत उभी असे, तिच्या मागच्या आसनावर पाय पसरून, चालक अम्म बद्रीने, म्हणजे बद्रीकाकाने, आणून दिलेला चहा पीत आणि ताअमियाची भजी खात. मंगळवारी दुपारी अहवाल आला.

“नशअत, लिही. दोन दिवस मी तिथून हललो नाही. माणूस नाही, कुत्रं नाही. तरी रेघ हलली. म्हणजे ही लाट जिवंत आहे. आणि शुक्रवार पाळते, त्या अर्थी आपल्यातलीच आहे.”

“शनिवारचं काय?” रुकय्याने विचारलं.

“सरकारी नोकरीत आहे.”

बुधवारी रुकय्या माझ्या खोलीत पिशवी भरूनच आली होती. डोळे सुजलेले. बे तिला लाटेच्या धर्माविषयी समजावत होते. तेवढ्यात अम्म बद्री थंड पाणी प्यायला आत आला. त्याने घड्याळ बघितलं आणि अर्धा पेला तसाच ठेवला.

“चला, साडेअकरा झाले. गाडी हलवतो.”

रुकय्याने मान वर केली. “कुठे हलवता, अम्म बद्री?”

“झाडाच्या पलीकडे. सकाळी सावली पश्चिमेला असते, आता पूर्वेला जाईल. साहेबांना तापलेलं आसन चालत नाही गं. रोज हेच माझं. नऊला इकडे, साडेअकराला तिकडे, दोनला साहेब घरी.”



“खोपट्याच्या शंभर मीटरमध्ये वाहन लावू नये, अशी पाटी आहे ना तिथे?” रुकय्याने विचारलं.

“आहे की. पण पाटी बाकीच्यांसाठी असते ना, पोरी?”

“एक उपकार करा. गाडी फाटकापर्यंत न्या, दहा मिनिटं थांबा आणि परत आणा.”

बद्री गेला आणि आम्ही पडद्याच्या खोलीकडे धावलो. पडद्यावरची रेघ सरळ झाली, हिशोबात पास झालेल्या मुलासारखी. दहा मिनिटांनी गाडी परतली आणि झाडाच्या पूर्वेला जाऊन थांबली. रेघ वर उसळली.

“मी म्हणत होतोच,” बे म्हणाले. ते काय म्हणत होते, हे लिहून घ्यायचं मी टाळलं.

रुकय्या छापील आलेख घेऊन संचालकांकडे गेली. सोबत मी आणि बद्री. लुत्फींनी आलेख बघितला, खिडकीतून गाडी बघितली, चष्मा पुसला.

“शाबास,” ते म्हणाले. “गाडी मी मुद्दामच तिथे लावायला सांगितली होती. तुमच्यापैकी कोण जागं आहे ते बघायचं होतं.”

“मग हे प्रमाणपत्रावर लिहून द्या, सर,” रुकय्या म्हणाली. “जागी होती, असं.”

बद्री जोरात हसला आणि मग खोकला आल्याचं दाखवलं. संचालकांनी लिहून दिलं. करणार काय? जर्मनला उत्तर अजून जायचं होतं, आणि आलेख तिच्याकडे होते.

गुरुवारी आधी पाच भाच्यांना प्रमाणपत्रं मिळाली, टाळ्यांसकट. शेवटी रुकय्याला, सरकारी गरुडाच्या शिक्क्यासकट. तो कागद तिने छातीशी धरला तो सोडलाच नाही. ती बसकडे निघाली, तसे बे मागून धापा टाकत आले. मला वाटलं, निदान आता माफी मागतील.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “संचालक आता तुझं ऐकतात. दोन महिने मीही इथेच होतो. माझ्या नावाचं एक प्रमाणपत्र मिळेल का बघ ना. बायकोला वाटतं, मी दिवसभर कॉफीच्या दुकानात बसतो.”