दगड म्हणून जप्त झालेले कमठराव

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती. नदी होती म्हणून तिला दोन काठ होते, आणि दोन काठ होते म्हणून दोन फुटबॉल संघ होते. एका काठावर बोरबन, दुसऱ्या काठावर बांबूबेट. वर्षातून एकदा त्यांचा सामना व्हायचा. त्या दिवशी हरणं चरत नसत, घुबडं दिवसा झोपत नसत आणि सख्खे व्याही एकमेकांना ओळख देत नसत.

का, असं विचारू नका. जंगलात कुणीच विचारलं नव्हतं.

मैदान बांबूबेटात होतं. मैदानाच्या कुंपणाला लागून एक तळं होतं आणि त्या तळ्यात कमठराव नावाचं एक म्हातारं कासव राहत होतं. कमठरावांचा जन्म बोरबनातला. तरुणपणी ते बांबूबेटात घरजावई म्हणून आले. सासरचं शेवाळ खाल्लं, सासरच्या चिखलात लोळले, पण संघ काही बदलला नाही. त्यांची बायको शेवाळबाई पक्की बांबूबेटकर. सामन्याच्या दिवशी दोघं तळ्याच्या दोन टोकांना बसत आणि जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं असे.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. त्यांची लेक बोरबनात दिलेली. तिची लेक ढाली यंदा पहिल्यांदाच बोरबनची गोलकीपर झाली होती. ढाली एकदा गोलच्या मधोमध बसली की हत्तीनं ढुशी दिली तरी हलत नसे. खोट एकच. घाबरली की मान आत घेई. मान आत घेतली की बॉल कुठून येतोय ते दिसत नाही, हे तुम्हाला कळतं, मला कळतं, घाबरलेल्या कासवाला कळत नाही.

सुट्टीत आजोळी आली तेव्हा ती आजोबांना म्हणाली, "मला फार भीती वाटते."

"वाटू दे की. मान तेवढी बाहेर ठेव. मी समोरच बसलेला असेन. माझ्याकडे बघायचं."

"नक्की याल?"

"अगं, कुंपणापलीकडे तर यायचंय. न यायला काय झालं?"

न यायला काय झालं, ते आता ऐका.

गेल्या वर्षी सामना चालू असताना काही माकडांनी एकमेकांवर फणसाच्या आठळ्या फेकल्या. त्यातली एक थेट वाघमहाराजांच्या नाकावर बसली. माकडं कुठल्या काठाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. महाराजांनी कोतवालाला बोलावलं. कोतवाल तरस होता. तो सारखा हसायचा, त्यामुळे तो कमालीचा गंभीर आहे हे पुष्कळांना उशिरा कळायचं.

"महाराज," तरस म्हणाला, "भांडायला दोन बाजू लागतात. एक बाजू आलीच नाही तर?"

"मग सामना बघणार कोण?"

"दुसरी बाजू."

"हा न्याय झाला का?"

"शांतता झाली, महाराज."

महाराजांचं नाक अजून दुखत होतं. त्यांनी परवानगी दिली.

उघड बंदी बरी दिसली नसती, म्हणून नियम असा झाला. पाहुण्या समर्थकांनी आपापलं यायचं नाही. बोरबनच्या वडाखाली जमायचं आणि तिथून कोळसुंद्यांच्या पहाऱ्यात, जथ्यानं, एका रांगेत, पुलावरून यायचं. वाटेत थांबायचं नाही, गाणी म्हणायची नाहीत, शेपूट उभारायचं नाही. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे, आणि त्या जंगलात पोलिसांचं काम त्यांच्याकडेच होतं.

कमठरावांना वाटलं, हे लांबून येणाऱ्यांसाठी असेल. एका सकाळी ते मैदानाच्या फाटकावर गेले. तिथे झिपरू नावाचा कोळसुंदा शिपाई उभा होता.

"पाहुण्यांची बसायची जागा कुठली, ते बघून ठेवावं म्हटलं," कमठराव म्हणाले.

"कुणाच्या बाजूचे तुम्ही?"

"बोरबन."

"मग जथ्यातून या. वडाखालून."

"अहो, मी इथंच राहतो. ते तळं दिसतंय ना?"

"दिसतंय की."

"मग?"

"मग तिकडं जा, आणि तिकडून इकडं या."

"म्हणजे मी इथून तिथं जायचं, इथं येण्यासाठी?"

झिपरूनं विचार केला. विचार करताना त्याचे कान हलायचे. "सुरक्षित वाटेनं," तो म्हणाला.

कमठराव घरी आले आणि चिखलात बसून राहिले. शेवाळबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"एक दिवस बांबूबेटकर आहे म्हणून सांगा. कवच गळून पडणार आहे का?"

"ते जमायचं नाही."

"मग उठा आणि चालायला लागा. तुमची चाल मला ठाऊक आहे."

कमठराव निघाले. आपल्या घराला खेटून असलेल्या मैदानाकडे पाठ करून, आपल्या घराला खेटून असलेल्या मैदानात पोचण्यासाठी ते चालू लागले. हसू नका. तुमच्यावरही असे प्रसंग येतील.

पुलापर्यंत पोचले तेव्हा सामन्याची सकाळ उजाडली होती. पुलावर दुसरा एक कोळसुंदा होता.

"कुठून आलात?"

"बांबूबेटातून."

"बांबूबेटकरांना आज पलीकडं बंदी आहे. दंगल होते."

"पण मी बोरबनचा समर्थक आहे."

"मग बांबूबेटात काय करत होता? जथ्याशिवाय बोरबनच्या समर्थकाला तिकडं बंदी आहे."

"मी राहतोच तिथं."

"म्हणजे गुन्हा कबूल आहे?"

कमठरावांना आता पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना. तो शिपाई साहेबांना विचारून येतो म्हणून गेला. कमठरावांना संताप आला, रडूही आलं. नातीला तर शब्द दिलेला होता. अशा वेळी कासवं जे करतात तेच त्यांनी केलं. चारही पाय आणि मान आत घेतली आणि पुलाच्या मधोमध बसून राहिले.

इतक्यात पूल साफ करणारी तुकडी आली. जथा जायच्या आधी वाटेतली फेकण्याजोगी प्रत्येक वस्तू जप्त करायची, असा हुकूम होता.

"दगड आहे, साहेब."

"केवढा धोंडा आहे हा. पाहुण्यांच्या हाती लागला असता तर? उचला."

चौघा कोळसुंद्यांनी कमठरावांना उचललं. जप्त माल कुठे ठेवायचा? कोतवालसाहेबांच्या नजरेसमोर. आणि कोतवालसाहेब होते कुठे? मैदानात. म्हणून ज्या वाटेनं कमठराव इतके दिवस चालत आले होते त्याच वाटेनं चौघांनी त्यांना धावत परत नेलं. फाटकावर झिपरू होता. त्यानं दगडासाठी फाटक सताड उघडलं आणि बाजूला उभा राहिला. गोलच्या शेजारी जप्त दगडांचा ढीग होता. कमठरावांना त्यावर सगळ्यात वर ठेवण्यात आलं.

कवचाच्या फटीतून त्यांनी पाहिलं. एवढी चांगली जागा त्यांना जन्मात मिळाली नव्हती.

सामना सुरू झाला. पाहुण्यांची जागा रिकामीच होती. जथा निघाला होता, पण ज्या वाटेवर एकही बांबूबेटकर नाही अशी वाट त्याच्या नाईकाला सापडेना, म्हणून तो सगळ्यांना घेऊन डोंगराला वळसे घालत होता. इकडे समोर शिव्या द्यायला कुणी नाही म्हणून बांबूबेटकरांनी त्या एकमेकांना द्यायला सुरुवात केली. पुढच्या रांगेतल्या रानडुकरांचं मागच्या रांगेतल्या रानडुकरांशी वाजलं. कोळसुंद्यांना नियमात पाहुणे तेवढे माहीत होते, त्यामुळे ते नुसते बघत राहिले.

बरोबरी होती. सामना संपता संपता बांबूबेटला पेनल्टी मिळाली. ती मारायला गवा पुढे आला. गव्यानं खुरानं माती उकरली, आणि ढालीनं पाहुण्यांच्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तिनं पुन्हा पाहिलं. मग तिची मान हळूहळू आत जाऊ लागली.

कमठराव ढिगावरून बघत होते. दगड राहिले तर सुखरूप सुटतील. मान काढली तर जथ्याशिवाय घुसलेले बोरबनकर ठरतील, आणि त्याची शिक्षा काय हे कोतवालानं अजून ठरवलेलं नव्हतं, म्हणजे ती कितीही असू शकत होती. हे सगळं त्यांना कळत होतं. पण पोर एकटी होती.

कमठरावांनी मान काढली. असेल नसेल तेवढी सगळी काढली.

"ढाले, मान बाहेर!"

ढालीनं दचकून वळून पाहिलं. ढिगावर आजोबा होते. तिची मान सर्रकन बाहेर आली. गव्यानं बॉल मारला, तो येताना तिनं नीट पाहिला, कूस बदलली आणि तो पाठीवर घेतला. बॉल तिथून उडाला तो कुंपणावरून तळ्यात गेला. पंचांनी सामना संपवला.

झिपरू धावत कोतवालाकडे गेला. "साहेब, दगड ओरडला."

नेमके तेव्हाच महाराज विचारत होते, "काय कोतवाल, जथ्याशिवाय पाहुणा एकही आत आला नाही ना?"

"एकही नाही, महाराज."

"मग आत्ता ओरडलं कोण?"

कोतवालानं ढिगाकडे पाहिलं. "दगड, महाराज."

महाराजांनी मान डोलावली. त्यांना रोज याहून विचित्र गोष्टी सांगण्यात येत.

गर्दी पांगल्यावर ढाली ढिगाजवळ आली.

"आजोबा, मी मान बाहेर काढली."

"बघितलं मी."

"आता तुम्ही आत घ्या. ते कोळसुंदे बघतायत."

ती आपल्या संघाबरोबर गेली. संध्याकाळी झिपरू ढिगाशी येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, वाईट बातमी आहे. जप्त दगडांची उद्या खडी करायची आहे. जथ्याच्या वाटेवर टाकायला."

"अरे, पण मी कासव आहे."

"मला दिसतंय हो. पण तुम्ही दगड आहात हे आता पार महाराजांपर्यंत गेलंय. माझ्या हातात काही राहिलं नाही."

शेवाळबाई कुंपणाशी उभी राहून हे ऐकत होती. सामना बरोबरीत सुटल्यानं ती आधीच चिडलेली होती. ती घरी गेली आणि परत आली ती शेंदूर, तेल आणि झेंडूची दोन फुलं घेऊन.

"हे काय?" कमठराव म्हणाले.

"गप बसा. जन्मात एकदा तरी माझं ऐका."

तिनं कमठरावांना नखशिखांत शेंदूर फासला, कवचावर फुलं ठेवली आणि घरी जाऊन झोपली.

सकाळी झिपरू घण घेऊन आला. ढिगावरचा लालभडक दगड पाहून त्याच्या हातून घण खाली पडला आणि पंजे आपोआप जोडले गेले. दुपारी स्वतः कोतवाल दर्शनाला अनवाणी आला. तसा तो रोजच अनवाणी असे. महाराजांनाही काल दगड का ओरडला ते कळलं आणि मोठं समाधान वाटलं. कमठरावांभोवती गोलच्या शेजारीच एक छान पार बांधण्यात आला. तिथून दोन्ही गोल दिसतात.

पाहुण्यांवरची बंधनं पुढे आणखी कडक झाली. आता झिपरू दर सामन्याआधी कमठरावांपुढे नारळ फोडतो आणि जथा यंदा तरी वेळेवर पोचू दे म्हणून साकडं घालतो. कमठराव त्याला काही बोलत नाहीत. ढालीचा सामना असला की तेवढी मान काढतात, आणि साऱ्या बांबूबेटाला वाटतं, देव जागृत आहे.

तात्पर्य: बाळांनो, मोठे झालात की कुणाचे समर्थक होऊ नका, दगड व्हा. समर्थकाला फाटकावर अडवतात, दगडाला चौघं उचलून आत नेतात. शेंदराची सोय मात्र ज्याची त्यानं घरून करावी.