हद्दीबाहेरचे जुलाब

कर्जत तालुक्यातल्या चिंचघोळ गावाने भर ग्रामसभेत, हात वर करून, एकमताने ठराव केला की यापुढे गावात कोणालाही जुलाब होणार नाहीत. सूचक सरपंच धनेश, अनुमोदक सगळेच. निमित्त होतं 'निरामय ग्राम' स्पर्धेचं. लहान बालकांमध्ये अतिसाराचा एकही रुग्ण नसावा, अशी तिची अट होती. रुग्ण नसावा म्हणजे नेमकं काय करावं, हे अटीत लिहिलेलं नव्हतं. ते गावाने आपल्या अकलेने ठरवलं.

पहिली अडचण लशीने आणली. वनिता सिस्टर शीतपेटी खांद्याला लावून अंगणवाडीत आल्या. धनेशची मुलगी चिमी नुकतीच दीड महिन्याची झाली होती. तिला दुपट्यात गुंडाळून तिची आई रुचिता रांगेत उभी होती.

"हे तोंडात थेंब कसले पाजताय?" धनेशने विचारलं.

"रोटाव्हायरसची लस. या विषाणूने जुलाब लागले तर तान्हं बाळ बघता बघता सुकून जातं."

"पण आमच्या गावात जुलाब नायतच. ठराव झालाय."

ग्रामसेवक योगेंद्र भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "सरपंच, तांत्रिक मुद्दा आहे. ज्या रोगाचं अस्तित्व ग्रामसभेने नाकारलंय, त्याची लस घेणं म्हणजे रोगाला अप्रत्यक्ष मान्यता देणं. तपासणी समिती आक्षेप घेऊ शकते."

"विषाणू काय तुमच्या ग्रामसभेला हजर होता?" सिस्टर म्हणाल्या.

"नोटीस लावली होती," भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले.

"अवो, पाजू द्या की तिला," रुचिता हळूच म्हणाली.

"सरपंचाच्याच पोरीने लस घेतली तर गाव काय म्हणंल गं? समिती येऊन जाऊ दे, मग बघू."

बाकीच्या लशी दिल्या गेल्या, ही तेवढी राहिली. समिती दिवाळीनंतर येणार होती, ती नाताळानंतर येणार असं कळलं. सिस्टर पुढच्या डोसांच्या वेळी पुन्हा पुन्हा आल्या आणि ठरावाला नमस्कार करून परत गेल्या. जानेवारीत एकदाचा निरोप आला: समिती उद्या येते आहे.

त्याच दिवशी चिमीने दूध ओकलं. मग लागोपाठ ओकत राहिली आणि पाण्यासारखी पातळ शी करू लागली. दुपट्यांची दोरी भरली, अंगणातलं कुंपण भरलं. वनिता सिस्टरनी मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी करून दिलं, चमच्या-चमच्याने पाजत राहायला सांगितलं, अंगावरचं दूध चालू ठेवायला सांगितलं आणि वर बजावलं, "पण थांबू नका, दवाखान्यात न्या."

धनेशने आधी भाऊसाहेबांना बोलावलं.

"याला जुलाब म्हणता येणार नाही," भाऊसाहेब दुपट्याकडे न बघता म्हणाले. "मलप्रवाहात तात्पुरती वाढ म्हणू. मात्र आपल्या दवाखान्यात दाखल केलं की तो आपल्या हद्दीतला रुग्ण होतो. नदीपलीकडे खालापूर तालुका लागतो. तिथल्या बोरघोळात नेलं, तर तो बोरघोळचा."

आपला दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. भाऊसाहेबांनाही घेऊन जीप उलट्या दिशेने निघाली.

नदीवरचा पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल असा. पुलाच्या मधोमध समोरून दुसरी जीप आली आणि दोन्ही थांबल्या. समोरच्या जीपमध्ये बोरघोळचे सरपंच मनोज होते. मागे त्यांच्या डोंगरातल्या वाडीवरची पारू, मांडीवर पोर घेऊन बसलेली.

"रामराम. कुठं निघालात?" मनोजने विचारलं.

"तुमच्याकडंच. सहज."

"आमी बी तुमच्याकडंच. सहज."

दोघांनी एकमेकांच्या जीपमध्ये डोकावून पाहिलं. पुढे काही सांगायची गरज राहिली नाही. वास दोन्हीकडून सारखाच येत होता.

"समिती आमच्याकडं बी उद्याच हाय," मनोज म्हणाला. "तुमी माघारी फिरा."

"आमी आधी पुलावर आलो!"

भाऊसाहेबांनी मध्यस्थी केली. रुग्णांची अदलाबदल करावी. चिंचघोळचं बाळ बोरघोळात, बोरघोळचं चिंचघोळात. दोन्ही गावांची बाकी शून्य. मनोजला हे पटलं, पण बाहेरगावचा रुग्ण आपल्या हद्दीत धरायचा की नाही, अशी शंका त्याने काढली. शंका रास्त होती. वरून मार्गदर्शन मागवायचं ठरलं. पुलावर रेंज नव्हती, म्हणून भाऊसाहेब मोबाईल उंच धरून कठड्याच्या कडेकडेने चालू लागले.

इकडे रुचिता खाली उतरून पारूच्या जीपशी गेली होती. स्वतःजवळचं पुडीचं पाणी तिने दुसऱ्या वाटीत ओतून दिलं. पारूचं पोर घोट घेऊन निपचित पडलं. चिमी रडायला लागली, पण तोंड वासलं तरी डोळ्यांत टिपूस नव्हतं.

ते मात्र धनेशच्या नजरेला पडलं. 'हद्दीचा खांब मुळात कुठं हाय' हे वाक्य तो अर्ध्यावर सोडून आला. त्याने चिमीच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू खाली गेली होती. बोटाला नुसता खळगा लागला.

"रुचे, हिचं डोकं असं का लागतंय गं?"

"माझ्याकडं काय बघताय? हद्द तुमी मोजत बसा." रुचिताने पारूला दंडाला धरून आपल्या जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "मागं घे. आपल्याच दवाखान्यात."

जीप मागे सरकू लागली. धनेश पळत गेला आणि मागच्या दांडीला लटकला. मनोज "अवो, निर्णय झाला नाय अजून!" म्हणत राहिला.

दवाखान्यात दोन्ही बाळांना सलाईन लागलं. पहाटे चिमीने शू करून दुपटं ओलं केलं. हातातलं ओलं दुपटं धनेश कितीतरी वेळ खाली ठेवीना. बाहेर जाऊन तो भिंतीकडे तोंड करून रडला. पारूचं पोरही दुपारपर्यंत हातपाय झाडू लागलं.

समितीपुढे भाऊसाहेबांनी सविस्तर अहवाल ठेवला. दोन्ही रुग्ण पुलाच्या मध्यावर एकत्र आढळले, पुलाखाली नदी, नदी पाटबंधारे विभागाची, सबब रुग्ण त्या विभागाचे. समितीचं समाधान झालं. चिंचघोळ आणि बोरघोळ यांना प्रथम क्रमांक विभागून मिळाला.

चिमी बरी झाल्यावर धनेशने वनिता सिस्टरना परसदाराने बोलावून घेतलं. "आता चालंल का ओ ती लस?"

"वर्षाच्या आत सुरू करता येते. पण गावातली बाकीची बाळं?"

"त्यांचं बघू. ठराव हाय ना अजून." त्याने दार लावून घेतलं आणि स्वतः चिमीची हनुवटी धरली.

सत्काराची बातमी फोटोसकट छापून आली. नेरळच्या नव्या सोसायटीत चहा घेताना तुम्हीही ती वाचलीत आणि 'काय अडाणी लोक असतात!' म्हणून खळखळून हसलात. तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला. एक नर्सबाई आल्यात, बिल्डिंगमध्ये कोणाच्या तान्ह्या बाळाची लस राहिलीय का विचारतात. पाळण्यातल्या नातवाकडे एकवार बघून तुम्ही सांगितलंत, "गेटवरूनच परत पाठव रे. आमच्याकडे असले रोग नसतात."