मालनबाईंचे निळे पुस्तक घरात रुजू जाहले त्याची बखर

श्रीगोदामाई प्रसन्न असो. शके एकोणीसशे तीन, दुर्मतीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, नाशिक नगरीच्या कडेस नव्याने वसलेल्या सिडको वसाहतीत, जेथे रस्त्यास अद्याप नाव नव्हते आणि नळास पाणी मर्जी होईल तेव्हा येत असे, तेथे रंगनाथरावांच्या दोन खोल्यांच्या राज्यात एका पुस्तकावरून जे रण माजले, त्याची हकीकत साद्यंत लिहितो. लिहावी ऐशी आज्ञा कोणी केली नाही. परंतु थोरामोठ्यांच्या लढाया लिहावयास दरबारी कारकून पुष्कळ आणि सुनांच्या लढाया लिहावयास एकही नाही, हे पाहून लेखकाचा जीव राहिना, म्हणोन हा उद्योग. ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले, ज्यांनी ऐकिले त्यांनी तिखटमीठ लाविले, आणि लेखकाने ते तिखटमीठ पुसून काढिले नाही.

प्रथम राज्याचा विस्तार. खासे रंगनाथराव घरातील वडील. हयात छापखान्यात बायंडर म्हणोन गेली, हजारो पुस्तके हातांनी शिविली आणि त्यांपैकी फारच थोडी वाचिली, कारण कथाकादंबरी म्हणजे निव्वळ खोटी साक्ष, ऐसा त्यांचा निवाडा होता. शिकारीची पुस्तके मात्र चालत, कारण वाघ खोटे बोलत नाही. त्यांचे कुटुंब चतुराबाई, यांचा दस्तूर निराळा. पुस्तक हाती येताच त्या शेवटचे पान आधी वाचीत आणि तेथे कोणी मेले अगर रडले असल्यास पुस्तक मिटून परत धाडीत. चिरंजीव निवृत्तीराव अंबडच्या कारखान्यात लेथवर. शूर आणि कष्टाळू, परंतु कोणतेही पुस्तक उघडले की दुसऱ्या पानावर घोरू लागत. नात बेबी, इयत्ता नववी, हिला पहिल्या प्रकरणात खून न पडल्यास ते पुस्तकच वाटत नसे. आणि राहिल्या सूनबाई मालनबाई, माहेर सटाणे, ज्यांच्या बाजूने ही बखर लिहिली आहे, आणि हे लेखक लपवू इच्छीत नाही.

राज्यास वाचनालयाचे कार्ड एक आणि कार्डावर पुस्तक एक. म्हणोन कायदा ठरला होता की ज्याने पुस्तकाची शिफारस करावी त्याने घरातील आणखी दोघांची मान्यता घ्यावी, आणि मगच निवृत्तीरावांनी शनिवारी सायकलवर टांग टाकून ते आणावे. कायदा दिसावयास मोठा न्यायाचा. निवृत्तीराव बहुधा सर्वांस मान्यता देत, कारण झोपेस कोणतेही पुस्तक सारखेच. आणि मालनबाई तर सर्वांसच मान्यता देत. त्यांनी सासऱ्यांचे वाघ वाचिले, बेबीचे खून वाचिले, सासूबाईंचे गोड शेवटाचे संसार वाचिले, आणि ज्यास जे आवडले त्यापाशी त्याविषयी चार शब्द बोलल्या. परंतु त्यांनी स्वतः शिफारस केली म्हणजे रंगनाथराव चष्मा पुसू लागत, चतुराबाई शेवट विचारीत, बेबी खून विचारी, आणि निवृत्तीराव आईच्या तोंडाकडे पाहून गप्प बसत, आणि मग मसलत मोडे.

मालनबाईंच्या मनात मात्र एक पुस्तक घर करून बसले होते. लग्नाआधी सटाण्यास कांद्याच्या चाळीच्या सावलीत बसून त्यांनी व त्यांची मैत्रीण यशोदा यांनी ते वाचिले होते, आणि वाचून होताच अख्खा उन्हाळा दोघी त्यावर बोलत होत्या, भांडत होत्या, पुन्हा बोलत होत्या. मग लग्न जाहले आणि त्या नाशिकास आल्या. येथे वाचावयास मिळाले पुष्कळ, परंतु वाचून जाहल्यावर बोलावे ऐसे माणूस मिळाले नाही. हे दुःख त्यांनी कोणापाशी बोलून दाखविले नाही, कारण ज्या घरात दळण, रॉकेल आणि पाणी यांची चिंता, तेथे ऐसे दुःख सांगितले तर हसतील, ही भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती.

ऐसे असता एका शनिवारी निवृत्तीरावांची दुसरी पाळी लागली आणि पुस्तक बदलण्याची कामगिरी मालनबाईंवर आली. रंगनाथरावांनी हुकूम फर्माविला की वाघाचे आणावे, वाघ नसल्यास बिबट्याचे. मालनबाई शालिमारच्या बसने शहरात दाखल जाहल्या, वाचनालयाचा जिना चढल्या, आणि पाहतात तो टेबलावर, नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात, तेच निळे जाड पुस्तक. पुठ्ठ्यावरचे नाव बोटांनी पुसून गेलेले, पाठ उकललेली, दोरे लोंबत असलेले, ऐशी त्याची दशा. तरी मालनबाईंनी ओळखिले. कपाटात वाघ होते, बिबटे होते, एक अस्वलही होते. मालनबाईंनी त्यांपैकी कोणाकडे पाहिले नाही. निळ्या पुस्तकावर शिक्का मारविला आणि ते पदराखाली घेऊन बसमध्ये बसल्या.

घरी दरबार भरला. न कोणाची मान्यता, न शिफारस, आणि वाघाचा हुकूम मोडोन कादंबरी आणिली, हा तर उघड फितवा. बेबीने पहिले प्रकरण चाळिले आणि खून नाही ऐसे जाहीर केले. रंगनाथरावांनी निकाल दिला की पुढील शनिवारपर्यंत या घरात वाचन बंद समजावे, आणि पाठ फिरविली. मालनबाईंनी पुस्तक कोनाड्यात ठेविले आणि भाकऱ्या थापावयास बसल्या. पहिल्याच चकमकीत हार जाहली होती, आणि त्या दिवशीच्या भाकऱ्या जराशा करपल्या.

परंतु बायंडराचा हात मोठा वाईट. रविवारी सकाळी रंगनाथराव कोनाड्यापाशी तंबाखूची डबी घ्यावयास गेले आणि त्यांची नजर त्या लोंबत्या दोऱ्यांवर पडली, आणि मग त्यांस अन्न गोड लागेना. ऐशी बांधणी करणाऱ्याचा हात कलम करावा, ऐसे बोलून त्यांनी ट्रंकेतून दाभण व दोरा काढिला, बेबीस चिकटवावयाची खळ शिजविण्यास धाडिले, आणि दुपारपर्यंत निळ्या पुस्तकाचे टाके उसवून त्याचा प्रत्येक फर्मा, म्हणजे सोळासोळा पानांची घडी, वेगळी करून खोलीभर मांडिली. काही फर्मे खाटेवर, काही पाट्यावरवंट्याखाली, काही शिवणयंत्रावर, आणि शेवटचा चतुराबाईंच्या पानाच्या डब्याशेजारी.

आता बायंडराचा एक नियम आहे. फर्मे शिवण्याआधी ते ओळीने लागले की नाही हे पाहण्यास, एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ जुळवून वाचावी लागते. रंगनाथरावांनी हयातभर हजारो पुस्तकांचे ऐसे सांधे वाचिले होते आणि मधले काही वाचिले नव्हते. पहिल्या फर्म्याची शेवटची ओळ होती, सगुणा कंदील घेऊन मागच्या दाराशी गेली आणि पाहते तो. दुसऱ्याची पहिली ओळ होती, नव्हतेच. काय नव्हते, हे पाहणे रंगनाथरावांस भाग पडले. मग पाने फाटली आहेत की काय हे तपासावे म्हणोन आणखी थोडे वाचिले, मग कसर लागली आहे की काय हे पाहावे म्हणोन आणखी थोडे, आणि ऐसे करता करता दिवेलागण जाहली तरी ते तिसऱ्या फर्म्यात कसर शोधीत होते.

इकडे बेबीने शिवणयंत्रावरचा फर्मा उचलिला, तो नेमका मधला, जेथे सगुणेचा धाकटा दीर घरातून एकाएकी नाहीसा होतो. दीर गेला कोठे, हा खूनच, ऐसे ठरवून तिने तपास हाती घेतला. निवृत्तीराव कारखान्यातून आले की जेवताना त्यांस हकीकत ऐकावी लागे, एकाकडून एक प्रांत, दुसऱ्याकडून दुसरा, आणि पुस्तक समोर नसल्यामुळे त्यांस झोप येईना, उलट हात वाळेपर्यंत बसून पुढे काय जाहले म्हणोन ते विचारू लागले. परंतु ही सगुणा मुळात कोण, दिराचा तिच्यावर राग का, कंदिलाचा काय इतिहास, हे ठाऊक फक्त मालनबाईंस, कारण हे पुस्तक आपण लग्नाआधीच वाचिले, हे त्यांनी सांगून टाकिले होते. मग जो तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहू लागला. खासे रंगनाथरावही आले आणि चहाचे निमित्त करून, दीर खरा की खोटा, ऐसे हळूच विचारते जाहले. मालनबाई पोळी लाटता लाटता सांगत, आणि मुद्दाम थोडे सांगून उरलेले राखून ठेवीत, आणि त्यांच्या तोंडावर जे तेज चढले ते लेखकास लिहिता येत नाही.

ऐशी सर्व बाजूंनी सरशी होत असता शुक्रवारी अनर्थ ओढवला. रंगनाथराव शिवण्यास बसले आणि शेवटचा फर्मा सापडेना. खाट हलविली, पाटा उचलिला, बेबीने सर्वांची जबानी घेतली. तेव्हा चतुराबाईंनी दारापुढच्या ओट्यावरून जाहीर केले की शेवट त्यांच्याजवळ आहे, त्यांच्या गोधडीखाली आहे, त्या स्वतः त्यावर बसल्या आहेत, आणि हा शेवट या घरात शिविला जाणार नाही. रंगनाथरावांनी धमकाविले, निवृत्तीरावांनी विनविले, बेबीने पानाचा विडा लावून लाच देऊ केली. चतुराबाईंनी विडा घेतला आणि जागा सोडिली नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार, पुस्तक परत करावयाचे, आणि बिनशेवटाचे पुस्तक परत केल्यास कार्ड जप्त होणार. मग सर्वांनी मिळून मालनबाईंस पुढे घातले, कारण आणिले त्यांनी, तेव्हा निस्तरावेही त्यांनीच.

मालनबाईंनी मेथीची जुडी घेतली आणि ओट्यावर सासूबाईंशेजारी निवडावयास बसल्या. मार्गशीर्षाचे ऊन पडले होते.

मग चतुराबाई म्हणाल्या, "ती सगुणा शेवटी घर सोडून जाते. भल्या पहाटे. कोणी तिला थांब बी म्हणलं नाय."

मालनबाईंनी हो म्हटले.

"आन् तुला हेच पुस्तक आवडतं. लग्नाआधीपासनं." चतुराबाईंनी गोधडीचे टोक बोटांनी चुरगाळले. "मालन, तुला जायाचंय का गं कुठं?"

येथे लेखकाची लेखणी अडखळते. इतके दिवस ही लढाई वाघाशी आणि खुनाशी आहे ऐसे मानून तो लिहीत होता, आणि ती म्हातारी शुक्रवारचा अख्खा दिवस एका भीतीवर बसून होती, हे त्यास आता कळले. मालनबाईंच्या हातातली मेथी हातातच राहिली.

"जायचं असतं तर पिशवी भरली असती, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "पुस्तक कशाला आणलं असतं? वाचून झालं की कोणाशी तरी बोलावंसं वाटतं. सटाण्याला यशोदा होती. इथं आल्यापासून कोणी नव्हतं."

चतुराबाईंनी एका बाजूस कलून गोधडीखालून फर्मा काढिला, मांडीवर ठेविला, आणि तळव्याने सरळ केला.

"मग मला सांग," त्या म्हणाल्या. "ती निघाली तवा तिच्या सासूच्या तोंडाला काय झालं होतं?"

तेव्हा जे बोलणे सुरू जाहले ते ऊन ओट्यावरून उतरून समोरच्या भिंतीवर गेले तरी सरले नाही. सगुणेच्या सासूचे चुकले, परंतु सगुणेनेही एकदा तोंड उघडायला हवे होते, ऐसे चतुराबाईंचे म्हणणे. तिने उघडले होते, कंदिलाच्या प्रकरणात, ऐसे मालनबाईंचे. ते प्रकरण चतुराबाईंनी वाचिले नव्हते, म्हणोन पहिला फर्मा मागविण्यात आला. शेजारच्या अक्काबाई विरजण मागण्यास आल्या, त्यांस बसवून घेतले आणि त्यांचेही मत घेतले. मेथी तशीच राहिली आणि त्या दिवशी घराने पिठल्यावर भागविले. मालनबाई भांडल्या, हसल्या, एकदा पदराने डोळे पुसले, आणि सासूशी वाद घातल्याबद्दल त्यांस कोणी बोलले नाही.

पुढे तह जाहला तो येणेप्रमाणे. शेवटचा फर्मा चतुराबाईंनी स्वहस्ते रंगनाथरावांच्या स्वाधीन केला. रंगनाथरावांनी तो दुहेरी दोऱ्याने शिविला, जेणेकरून पुस्तकाची बाकी पाने गेली तरी शेवट जाणार नाही. मग त्यांनी निकाल दिला की खळ ओली आहे, ऐशा स्थितीत पुस्तक परत धाडणे हा धंद्याचा अपमान होय, सबब आणखी एक आठवडा मुदत वाढवून आणावी. खळ रात्रीतच वाळली होती. परंतु रंगनाथरावांचे अद्याप चार फर्मे वाचावयाचे होते आणि ते कोणास सांगण्यास ते राजी नव्हते. निवृत्तीराव वाचनालयात जाऊन मुदत वाढवून आले. बेबीच्या तपासातला दीर जिवंत निघाला, त्याचे तिला फार वाईट वाटले.

येणेप्रमाणे मालनबाईंनी शके एकोणीसशे तीन, मार्गशीर्ष मासी, कोणाचे एक पान न फाडता, एक निळे पुस्तक आणि चार माणसे जिंकिली, ही फत्ते येथे रीतसर नोंदविली आहे. त्याच दिवसापासून दोघांच्या मान्यतेचा कायदा रद्द जाहला आणि पुढले पुस्तक सूनबाई सांगतील ते, ऐसा हुकूम खुद्द चतुराबाईंनी ओट्यावरून सोडिला. एवढेच कलम त्यांनी पुढे जोडिले, की पुस्तक कोणतेही आणावे, मात्र त्याचा शेवट आधी आपण दोघींनी मिळून वाचावा.