वळून न पाहण्याची नियमावली

वांग्याला वजनाच्या मानानं देठ फार मोठा असतो. नंदनवन वस्तीतल्या आमच्या सोसायटीत एकतीस घरं आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तोंडाची चव जाते, हे डॉक्टर आधी सांगत नाहीत. माणसाची मान मागं वळायला अर्धा सेकंद लागतो.

आणि स्वाभिमान हा पाठमोऱ्या माणसालाच शोभून दिसतो.

या शेवटच्या तत्त्वावर आमची ग्राहक स्वाभिमान समिती उभी आहे. (मी सचिव. मानधन नाही, चहा आहे.) स्थापनेचं कारण मैनाबाई. बुधवारच्या बाजारात ती भाजी विकते आणि गिऱ्हाइकाला बोलते. वेदिकाताईंना म्हणाली, "भेंडी मोडून काहून पाहून राहिली वं? मोडल्या तेवढ्या तूच नेजो." मला म्हणाली, "सांभार फुकट पायजे, अन् तोही निवडून?" (सांभार म्हणजे कोथिंबीर. ही नोंद पुण्याहून बदली होऊन आलेल्या सदस्यांसाठी.)

अपमानावर पूर्वापार उपाय एकच: भाव पाडून मागायचा, नाही म्हटलं की चालू लागायचं, हाक आली की परत यायचं. आमचे अध्यक्ष जागेश्वरभाऊ निवृत्त आरेखक. त्यांनी या प्रथेला शास्त्राची बैठक दिली. दोन महिने निरीक्षण केलं. भेंडीला हाक चौथ्या पावलाला येते, टमाटरला पाचव्या. पालकाला अंधार पडल्यावर चालावंच लागत नाही, विकणाराच मागं येतो.

नियम १. कमाल सात पावलं.
नियम २. (रद्द. त्यात हसायला परवानगी होती.)
नियम ५. वळून पाहणाऱ्याचं सदस्यत्व जाईल.
नियम ६. सामूहिक प्रसंगी पावलं सर्वांनी मोठ्यानं मोजावीत, म्हणजे कोणी तिसऱ्या पावलालाच फितूर होणार नाही.

सराव पार्किंगमध्ये झाला. विक्रेता म्हणून सहसचिव अमोल बसला. त्याला टोमणे जमेनात, म्हणून ते टाइप करून दिले.

पहिलं प्रात्यक्षिक बुधवारी ठरलं. घरटी एक माणूस. ऑटोत जागेश्वरभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "आज वांगे घेऊनच जा लागते गा. जयवंतानं भरीत मांगितलं. वीस दिवसांत पहिल्यांदा तिनं काही मांगितलं."

जयवंतावहिनींचा गुडघा बदलला होता. तेव्हापासून त्या ताटाकडे पाहून मान फिरवायच्या. मी म्हटलं, आज अपवाद करू. ते म्हणाले, अध्यक्षानं अपवाद केला तर नियम कोणाचा?

भरताची वांगी त्या दिवशी फक्त मैनाबाईकडे होती. भाऊंनी एक उचललं, फिरवलं, दाबलं, पुन्हा फिरवलं.

"काकाजी, वांगं होय ते, नवरदेव नाही. किती पारखून राहिले?"

"चाळीसनं दे."

"साठ. घ्याचं असन तर घ्या, नाही तर पुढं व्हा."

भाऊंनी वांगं खाली ठेवलं. एकतीस पाठी एकदम फिरल्या. एकतीस तोंडांनी बाजार दणाणला: एक, दोन, तीन... सात.

आठव्या पावलाबाबत नियमावली मौन बाळगते. थांबणं म्हणजे वळण्याची पूर्वतयारी, असा अर्थ सर्वांनी आपापल्या मनात काढला आणि कोणी थांबलं नाही. बेचाळिसाव्या पावलाला भाऊंची मान किंचित डावीकडे गेली. बाजूला आम्ही तीस जण होतो. मान सरळ झाली. एकशे दहाव्याला ऑटो स्टँड आला.

मी भाऊंसोबत घरापर्यंत गेलो.

"भेटले का वांगे?" वहिनींनी पलंगावरून विचारलं.

"नाही."

"मैनाबाई नव्हती आली काय?"

"होती."

भाऊंनी त्यांना नियम पाच व्यवस्थित समजावून सांगितला. वहिनींनी तो शेवटपर्यंत ऐकला. दहीभाताचे दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

इतिवृत्तात मी लिहिलं: प्रात्यक्षिक यशस्वी. एकही सदस्य वळला नाही.

नियमावलीच्या काही प्रती शिल्लक आहेत. आपल्याला प्रत नको असेल. आपणही कुठून तरी, भाजीच्या ढिगापासून किंवा सख्ख्या भावाच्या दारातून, असेच ताठ निघून आला आहात, आणि मागून कोणी हाक मारली नाही हे आजही चारचौघांत सांगता.

मैनाबाईनं आमच्या मोजणीच्या गजरात दुसऱ्या पावलालाच हाक मारली होती.