सर्जेरावाची बायको

आमचे शेजारी सर्जेराव आबा रोज पहाटे कोंबड्यावर चिडून उठत. कोंबडा वेळेवर आरवला तर "झोपू देत न्हाय" म्हणून, उशिरा आरवला तर "फुकटचं खातंय" म्हणून. मग दिवसभर एसटी, पाटाचं पाणी, कारखान्याचा भोंगा, जो तावडीत सापडेल त्याला एकच वाक्य: "ह्ये चालायचं न्हाय!" आमच्या लासुर्णे गावात सगळं तरीही चालतच राही, ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीआधी चावडीवर मतदारांची यादी लागली. आबांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. त्यांच्या नावाखाली नुसतं 'सर्जेरावाची बायको' असं होतं. आबा तलाठ्याला तडक घरी घेऊन आले. तलाठी भाऊसाहेबांनी अंगणात आधी खुर्ची मागवली. सरकार उभ्याने लिहीत नाही.

"बायकूला नाव नसतंय व्हय?" आबा कडाडले. "सोताचं राज आलं म्हंता, आन माजी कारभारीण बिननावाची?"

"आबा, मी नाव विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, 'माजी बायकू लिवा, गावाला ठावं हाय.' बैलांची नावं मात्र न विचारता सांगितलीत."

"बैलांची नावं चांगली हायती!"

"मग कारभारणीचंही सांगा. नाव नसलेली ओळ कापायचा हुकूम आहे. मत बुडेल."

आबा लालबुंद झाले. परक्या पुरुषासमोर बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे काय! शेवटी भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "भागीरथी. लग्नात आमीच ठिवलंय."

भाऊसाहेबांनी टाक दौतीत बुडवला. तेवढ्यात दाराआडून आवाज आला. इतकी वर्षं शेजारी राहून मी तो कधी ऐकला नव्हता.

"त्ये न्हवं. हौसा लिवा. माज्या आईनं ठिवलंय."

"ह्ये चालायचं..." आबा गरजले आणि दाराकडे बघून मध्येच थांबले. मग सगळा राग तलाठ्यावर निघाला. "बगताय काय? लिवा की! हौसा! कानात कापूस घातलाय व्हय?"

लग्न झाल्यापासून आबा तिला "अगं ए" म्हणत. त्यानंतर एका संध्याकाळी कुंपणापलीकडून दबक्या आवाजात हाक ऐकू आली.

"हौसा."

मग जरा मोठ्याने.

"हौसे!"

"आवो, काय पायजे?"

"काय न्हाय. म्हटलं, ओ देतीस का बगावं."