सहा शब्दांचे परातेजी

आमचे शेजारी परातेजी एका दमात सहा शब्दांहून अधिक बोलत नाहीत. समोरच्याचे वाक्य लांबले, तर दोन्ही हातांनी हवेत एक गोल काढून म्हणतात, "सर, फुगा फुटते." टाकी धुण्याविषयी मी एकदा सोसायटीच्या फलकासाठी अकरा ओळींची सूचना लिहिली होती. परातेजींनी ती काढून आपली लावली: "उद्या पाणी नाही. भरून ठेवा." ती सर्वांनी वाचली, हे मान्य केले पाहिजे.

ही सवय कामातून जडलेली. एका स्थानिक दैनिकात परदेशी गुप्तहेराच्या चित्रकथेची एक पट्टी रोज येत असे. तिच्यातल्या पात्रांच्या तोंडापुढच्या फुग्यांतले मराठी संवाद परातेजी हाताने लिहीत. त्यांच्या पत्नी सुमनताई भाषांतराचा कागद वाचून दाखवीत. त्या आता हयात नाहीत. एकदा त्या गुप्तहेराने पिस्तूल रोखून लंडनच्या चोराला अस्सल आमच्याकडच्या बोलीत विचारले, "काहून पळून राहिला?" दुसऱ्या दिवशी इतवारीतल्या हातगाडीवाल्यांपर्यंत सारे हसले. संपादकांनी खुलासा मागवला. "डुलकी लागली होती," एवढाच परातेजींनी दिला.

गेल्या महिन्यात सीताबर्डीला त्या चित्रकथेचे प्रदर्शन भरले. "चाला सर. एक पट्टी पाह्याची आहे," परातेजी म्हणाले. कोणती, हे मी विचारले नाही. आपली जुनी नामुष्की भिंतीवर टांगली आहे की काय, अशी त्यांना धास्ती असावी, असे मी गृहीत धरले आणि सभागृहात दोन पावले पुढेच राहिलो.

शेवटच्या भिंतीवर ती 'काहून'वाली पट्टी होतीच. खाली चिठ्ठी होती: "मुद्रणदोषाचा गमतीदार नमुना." मी शक्य तितका रुंद होऊन तिच्यापुढे उभा राहिलो.

"परातेजी, या बाजूला विशेष पाहण्याजोगे असे काही मला तरी..."

"सरका, सर."

खिशातले भिंग काढून ते पट्टीवर वाकले. व्यवस्था पाहणारी तरुणी जवळ आली. "काका, ती चूक आहे. लोक नुसते हसतात. आज काढूनच टाकणार आहोत."

"काहून?" परातेजींनी विचारले.

ती हसली. परातेजी हसले नाहीत.

"डुलकी-गिलकी काही नव्हती. कागदावर 'का पळतोस' होतं, आमची सुमन नेहमी असंच वाचे, मी दुरुस्त करून लिहो, त्या दिवशी मुद्दाम नाही केलं, चांगलं वाटलं मले."

इतके लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले. त्यांचे त्यांनाही ते जाणवले असावे, कारण ते थांबले.

"तिचे फोटो लय आहेत घरी," ते म्हणाले. "बोलणं एवढंच आहे."

तरुणीने चिठ्ठी काढून घेतली. परातेजींनी ती तिच्याकडून मागितली, माझे पेन घेतले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर टपोऱ्या अक्षरांत लिहिले: "वाचन: सुमन पराते."