आबांची ओळ वर

घर एक, धंदे दोन. तर वेबसाइट एक, तिच्यात ॲप्लिकेशनं दोन. एका दुपारचं काम, असं समीक्षाने जाहीर केलं तेव्हा तिची बीएस्सी अगदी ताजी होती. औंढ्यात तिचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, गावरान कोंबड्या विकतात. तिच्या काकू सरुबाई मागच्या खोल्या पर्यटकांना देतात. आबांनी शब्द दिला होता: शनिवारी काकूंच्या खोल्या वेबसाइटवरून भरल्या, तर पुढची खोली समीक्षाच्या ऑफिसला. नाही भरल्या, तर सोमवारपासून तळेगावच्या कंपनीत हजेरी.

कुठला पत्ता कुठल्या ॲप्लिकेशनकडे न्यायचा, हे एक फाइल ठरवते. तिच्यात दोनच ओळी होत्या. आबांनी चष्मा लावून त्या पाहिल्या.

"सरूचं वर आन माजं खाली?"

ही फाइल कुणालाच दिसत नाही, असं तिने समजावलं.

"न्हाई दिसत तर न्हाई. मोठ्याचं वर. लग्नपत्रिकेत बी तसंच असतंय."

तिने आबांची ओळ वर नेली. मानपान हा विषय तिला अभ्यासक्रमात नव्हता. दोन्ही ॲप्लिकेशनांत 'बुकिंग' नावाचं, एकाच पत्त्याचं पान होतं, आणि यंत्र ती फाइल वरून खाली वाचत पहिल्या जुळणाऱ्या ओळीवर थांबतं. खाली आणखी कुणी आहे का, हे विचारतही नाही. थोडक्यात, आबांसारखंच वागतं.

गुरुवारी ठाण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी वेबसाइटवरून शनिवारसाठी सहा जणांच्या खोल्या मागितल्या होत्या.

"ताई, 'सहा नग. जिवंत हवेत की साफ करून?' असा मेसेज आलाय," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही जिवंतच यावं म्हणतो."

समीक्षाने त्यांना तोंडी होकार दिला आणि अत्यंत शास्त्रीय घाईत दोन्ही ओळींची अदलाबदल केली. काकूंचं पान उघडून पाहिलं. उत्तम चालत होतं. आबांचं पाहायची गरज तिला वाटली नाही.

त्याच दुपारी सोमाटण्याच्या एका हॉटेलवाल्याने शनिवारसाठी बारा कोंबड्या मागवल्या. 'किती' या चौकटीत बारा लिहून तो मोकळा झाला. काकूंच्या मोबाइलवर उमटलं: शनिवारी बारा पाहुणे. काकूंनी घरातल्या झाडून सगळ्या चादरी धुतल्या.

शुक्रवारी समीक्षाला जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. एकाच्या पत्त्याआधी 'कोंबडी' लावलं, दुसऱ्याच्या आधी 'मुक्काम'. सगळं सुरळीत झालं. फक्त आधीचं बुकिंग पुसायचं राहिलं.

शनिवारी ठाणेकर मंडळी सामानासकट दारात उभी, आणि काकू त्यांना आडव्या.

"बारा जण यायच्यात. कम्प्युटरात हाय."

"काकू, त्या कोंबड्या आहेत."

"असूंदेत. आदी बुकिंग त्यांचं हाय."

शेवटी पाहुण्यांना पुढच्या खोलीत उतरवलं. खिडकीतून दिसणारा डोंगर त्यांना इतका आवडला, की जाताना पुढच्या महिन्याचं बुकिंग त्याच खोलीसाठी करून गेले. पाहुणे वेबसाइटमुळेच आले, हे आबांनी मोठ्या मनाने मान्य केलं. तळेगाव टळलं. पुढची खोली मात्र काकूंच्या धंद्यात गेली.

समीक्षाचं ऑफिस सध्या खुराड्याला लागून आहे. बाहेर पाटीही लावली आहे. तिच्यावर वर आबांचं नाव आहे.